शब्द मोजून पाठवणे

आमच्या छापखान्यात तीन जातींची यंत्रं होती आणि तिघांचं एकमेकांशी पटत नसे. मराठी मजकूर टंकायला विंडोजची यंत्रं. पानं लावायला मॅक, कारण मुखपृष्ठं करणारे चित्रकार दुसऱ्या कशाला हात लावायला तयार नसत. आणि जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात एक जुनाट डबा, ज्याच्यावर मालकांच्या भाच्यानं पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं होतं. गेल्या शतकाचा शेवट होता तो. नारायण पेठेतल्या त्या जागेत मी टायपिंगला लागले आणि या तिघांमध्ये फायली नेण्या-आणण्याचं काम हळूहळू माझ्या गळ्यात पडलं. पुढे तोच माझा व्यवसाय झाला. या व्यवसायात मी ज्यांचं देणं लागते, त्यांतल्या बहुतेकांना मी या जगात आहे याचाही पत्ता नाही. समोर बसून शिकवलं ते एकट्या तारवाल्या काकांनी.

काका पुण्याच्या तारघरातून टेलिप्रिंटर ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. आमच्याकडे दुपारी मुद्रितं तपासायला यायचे. संगणकाशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यातून निघालेल्या कागदावर ते लाल शाईनं खुणा करायचे.

एका संध्याकाळी भाचा वैतागला होता. रोज रात्री सगळ्या फायलींची प्रत काढून ठेवणारी त्याची छोटीशी स्क्रिप्ट एकाएकी चालेनाशी झाली. फाइल डोळ्यांसमोर दिसत होती, पण ती चालवू पाहिली की यंत्र म्हणायचं, अशी फाइलच नाही. कोणीतरी ती विंडोजवर उघडून, काही न बदलता, पुन्हा जतन केली होती. शेवटी त्यानं लपलेली चिन्हं दाखवणारी आज्ञा दिली, तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेपटाला टोपीवाला एम लटकलेला दिसला. पहिल्या ओळीत ज्या प्रोग्रामचं नाव होतं, त्यालाही तो चिकटला होता; तसल्या शेपटाच्या नावाचा प्रोग्राम यंत्रात कुठून असणार? "ताई, हे बघ, कॅरेज रिटर्न," तो मला म्हणाला.

काकांनी मुद्रितावरून मान वर केली. "काय म्हणालास? कॅरेज रिटर्न? ते तुमच्यात कुठून आलं?"

मग लाल पेन खाली ठेवून त्यांनी आम्हाला टेलिप्रिंटर समजावला. ओळ संपली की कामं दोन असत: छपाईचा गाडा पुन्हा डावीकडे न्यायचा, हे कॅरेज रिटर्न, आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, हे लाइन फीड. दोन्हींसाठी तारेवरून वेगळे संकेत जात. गाडा जड. तो उजव्या टोकापासून परत यायला वेळ घेई, म्हणून आधी त्याला सोडायचा आणि मग कागद सरकवायचा. काही ठिकाणी तर कॅरेज रिटर्न दोनदा देत, म्हणजे गाड्याला पोचायला सवड मिळे. नुसता लाइन फीड दिला तर मजकूर जिन्यासारखा उजवीकडे उतरत जाई. नुसता कॅरेज रिटर्न दिला तर ओळीवर ओळ छापून काळा पट्टा तयार होई. हे सांगताना काकांचा हात हवेत उजवीकडून डावीकडे धावत होता.

पुस्तकातून हे कळायला मला वर्षं लागली असती, आणि कळलं असतं तेही क्रमांकांच्या रूपात. १९६३ साली आस्की संकेत ठरला, त्यात लाइन फीडला १० आणि कॅरेज रिटर्नला १३ हे क्रमांक मिळाले. मग ज्यानं त्यानं आपली सोय पाहिली. सीपी/एमनं दोन्ही ठेवले, तेच डॉसनं उचललं आणि तिथून विंडोजमध्ये आलं. मल्टिक्स आणि पाठोपाठ युनिक्सनं ठरवलं, की गाड्याची काळजी छपाईयंत्राच्या ड्रायव्हरनं घ्यावी, फायलीत नुसता लाइन फीड पुरे. मॅकनं नेमकं उलटं केलं आणि ओएस नऊपर्यंत नुसत्या कॅरेज रिटर्नवर संसार केला. गाडा गेला, कागद गेला, आणि आमच्या छापखान्यात तीन यंत्रं तीन प्रकारे ओळ संपवत राहिली. विंडोजच्या नोटपॅडला नुसता लाइन फीड समजायला २०१८ साल उजाडलं. तोवर युनिक्सची फाइल त्यात उघडली की सगळा मजकूर सलग एका ओळीत दिसायचा. १९८५ पासून २०१८! इतकी वर्षं हे कुणाला टोचलं कसं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

ओळींचं दुखणं तरी दिसायचं. मराठीचं दुखणं जास्त खोल होतं. इस्की नावाचा चांगला भारतीय संकेत तेव्हा अस्तित्वात होता, १९९१ साली मानक ब्युरोनं तो प्रमाणही केला होता, पण छापखान्यांचं काम चालायचं ते फाँटवर. म्हणजे यंत्राच्या लेखी ती युरोपीय अक्षरंच असत, वर एखादं चिन्ह मिरवणारी, आणि फाँट त्यांना काना, वेलांटी, अर्धा श अशी रूपं द्यायचा. आता गंमत अशी, की त्या युरोपीय अक्षरांचे क्रमांक विंडोजमध्ये वेगळे आणि मॅकमध्ये वेगळे. ही तफावत भरून काढणारे प्रोग्राम होते. ते बिचारे प्रामाणिकपणे विंडोजचं अक्षर मॅकच्या क्रमांकात बदलून देत, आणि आमच्या वेलांट्या उडत, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसत. फ्रेंच मजकुराला जी मदत, तीच मराठीला मारक. म्हणून आमचा नियम होता: फाइल टेक्स्ट म्हणून पाठवायचीच नाही, बायनरी म्हणून पाठवायची. एफटीपीत या दोन्ही सोयी असतात. टेक्स्ट म्हटलं की वाटेत ओळींची शेपटं बदलतात, बायनरी म्हटलं की एका बाइटलाही कोणी हात लावत नाही. मध्यस्थानं कुठे हात आखडता घ्यावा, हे त्याला फायलीचा मालकच सांगू शकतो.

आमचे मध्यस्थ जिन्याखाली बसलेले. मॅकसाठी नेटाटॉक आणि विंडोजसाठी सांबा. लिनक्सच्या त्या डब्यातला एक फोल्डर विंडोजच्या टायपिस्टला आपल्याच घरचा वाटे आणि मॅकवाल्याला त्याच्या घरचा. सांबाचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात, १९९१च्या अखेरीचा. अँड्र्यू ट्रिजेल तेव्हा तिथल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते. त्यांना युनिक्सवरची डिस्क डॉसच्या यंत्रावर दिसायला हवी होती. यंत्रं एकमेकांशी काय बोलतात याचा कागद हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी तारेवरून जाणारी पाकिटं पाहत बसायचं ठरवलं. पुढे या पद्धतीला त्यांनी फ्रेंच कॅफेची उपमा दिली: भाषा येत नसताना कॅफेत बसायचं, गिऱ्हाईक काय बोलतं आणि वाढपी काय आणून ठेवतो हे पाहत राहायचं. नावाचीही एक गोष्ट आहे. पहिलं नाव दुसऱ्या कंपनीच्या मालकीचं निघालं, तेव्हा यंत्रांच्या त्या बोलीच्या, म्हणजे एसएमबीच्या, नावातली एस, एम आणि बी ही अक्षरं त्याच क्रमानं येणारे शब्द त्यांनी यंत्रातल्या शब्दसूचीतून शोधले, आणि त्यांत सांबा सापडलं. भाच्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा मालकांनी फक्त एवढंच विचारलं, "आणि पैसे कुणाला द्यायचे?" कुणालाच नाही, हे त्यांना पटायला बरेच दिवस गेले. फुकट मिळणाऱ्या वस्तूवर दिवाळी अंक सोपवायला ते धजत नव्हते.

काकांना सांबाचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा प्रश्न निराळा: "पोचलं ते पुरं पोचलं, हे कशावरून?" तारघरात प्रत्येक तारेच्या मथळ्यात शब्दांची संख्या जाई. घेणारा मोजून पाही. जुळली नाही की लगेच उलट विचारणा. मजकुरात आकडे असले तर शेवटी ते पुन्हा पाठवायचे, कारण चुकलेला शब्द वाचणाऱ्याला खटकतो, चुकलेला आकडा खटकत नाही. "पाठवणाऱ्यानं समोरच्याचं यंत्र आपल्यासारखंच आहे असं धरून चालू नये, पोरी," ते म्हणायचे, आणि मी बाहेरगावी पाठवायच्या प्रत्येक फ्लॉपीच्या लेबलावर शब्दसंख्या लिहायला लावायचे. बाकीचे हसत. मी लिहायची.

रात्रीच्या प्रतींसाठी भाच्यानं पुढे आरसिंक आणलं, तेही ट्रिजेल यांचंच. १९९६ साली पॉल मॅकेरस यांच्यासोबत केलेलं. घेणारं यंत्र आपल्याकडच्या जुन्या प्रतीचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याची एक बेरीज काढतं आणि नुसत्या बेरजाच पाठवतं. त्या पाहून देणारं यंत्र फक्त बदललेला भाग धाडतं, आणि शेवटी सगळ्या फायलीची बेरीज पुन्हा ताडून पाहिली जाते. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे शब्दसंख्याच की." तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

पुढे युनिकोड आला आणि फाँटची गुलामी संपत आली. यूटीएफ-८ ची रचना केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर मांडली. कुठल्याही यंत्रावर आज माझी मराठी फाइल मराठीच राहते, ती त्या कागदामुळे. कटकटी अर्थात राहिल्याच. मॅकची एचएफएस प्लस ही फाइलरचना नावांतली अक्षरं सुटी करून साठवायची, त्यामुळे 'ऱ' चा 'र' आणि खालचा नुक्ता असे दोन भाग पडत. लिनक्सच्या लेखी ते सर्वस्वी वेगळं नाव. 'दऱ्याखोऱ्या' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी बसलेले मी पाहिलेत, डोळ्यांना तंतोतंत एक. कोडच्या बाबतीत मात्र आता बरंच सुकर झालंय. गिटच्या एका छोट्या फायलीत कुठला ऐवज टेक्स्ट आणि कुठला नाही हे लिहून ठेवलं, की ओळींची शेपटं ज्याच्या त्याच्या यंत्राप्रमाणे ते सांभाळून घेतं.

२०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली. काका तोवर मुलाकडे रत्नागिरीला गेले होते. त्यापूर्वी तारघरातल्या आठवणी त्यांनी मला सांगून टाइप करून घेतल्या होत्या, त्याच जुन्या फाँटमध्ये, आणि शेवटी शब्दसंख्या. जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम मी लिहायला घेतला तेव्हा पहिली परीक्षा याच फायलीवर घेतली. वेलांट्या जागेवर आल्या, रफार जागेवर आले, 'ऱ्या' सुद्धा आला. शब्द मात्र काकांच्या आकड्यापेक्षा कमी भरले. प्रोग्राम कुठेतरी शब्द गिळतोय, या समजुतीनं मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. काही सापडेना. शेवटी रत्नागिरीला फोन लावला.

"'आई-वडील' किती शब्द धरलेस?" त्यांनी विचारलं.

"एक."

"दोन. मधे रेघ मारली म्हणून एक होत नाही. जन्मभर दोन शब्दांचे पैसे घेतलेत मी त्याचे."

मी मोजणीत रेघ फोडायची सोय घातली आणि आकडा जुळला. ती सोय त्या प्रोग्राममध्ये अजून आहे. नवीन मुलं विचारतात कशासाठी, तेव्हा मी त्यांना तारेच्या दरापासून सांगायला सुरुवात करते, आणि बहुतेक जण मधेच उठून जातात.