ओळखा पाहू!

बेसबॉलचा सामना मी उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. तो खेळ अमेरिकेतला. आमच्या बीडकडच्या माळरानावर पोरे फार तर क्रिकेट खेळतात, नाहीतर कबड्डी. तरीसुद्धा गेल्या पावसाळ्यापासून त्या परक्या खेळातली पंधरावीस जुनी माणसे माझ्या चांगल्या परिचयाची झाली आहेत. परिचयाची म्हणजे अशी की, नाव झाकून ठेवले तरी मी त्यांना ओळखीन. किंबहुना नाव झाकले म्हणूनच त्यांची ओळख पटली!

याचे श्रेय माझ्या भाच्याला. तो तिकडे न्यू जर्सीत वाढला. सुटीत आला तेव्हा त्याच्या पेटीत चित्रांच्या पत्त्यांचा एक गठ्ठा होता. पूर्वी तिकडे च्युइंगगमच्या पुड्याबरोबर असे पत्ते मिळत आणि शाळकरी पोरे ते जिवापाड जपत. पत्त्याच्या एका अंगाला खेळाडूचे चित्र नि नाव. दुसऱ्या अंगाला त्याची सारी कारकीर्द आकड्यांच्या रकान्यांत मांडलेली. कोणत्या वर्षी किती सामने, किती फटके, किती धावा. बस्स. खेळ असा की, नाव हाताने झाकायचे, आकडे वाचून दाखवायचे आणि समोरच्याने माणूस ओळखायचा. दिवे गेलेले, बाहेर पाऊस, मध्ये कंदील आणि माझा भाचा विचारतोय, “मामा, ओळखा पाहू!”

आपल्याला हा प्रकार अगदीच नवा नाही. आपल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या उखाण्यात नाव गुंफले. लपवल्यासारखे करायचे आणि लपवता लपवता सांगून टाकायचे. कादंबरी लिहिणाऱ्यालाही ही युक्ती ठाऊक असते. पात्राचे नाव पहिल्या पानावर सांगून काही साधत नाही. तो चप्पल कुठे काढतो, उधारी कशी मागतो, हे सांगितले की वाचक म्हणतो, ‘अरे, हा तर आमच्या गल्लीतला!’ पण केवळ आकड्यांवरून माणूस ओळखायचा, हे मला प्रथम फार रुक्ष वाटले. हजेरीपटावरून मुलाचा स्वभाव सांगा, असे म्हणण्यासारखेच ते!

त्या आकड्यांची थोडी उकल करायला हवी. बेसबॉलमध्ये फलंदाजाची योग्यता हजाराच्या हिशेबाने मोजतात. दहा वेळा उभा राहून तीन वेळा नीट फटका मारून तळ गाठला, तर त्याची सरासरी ‘तीनशे’. म्हणजे शेकडा तीस. आमच्या शाळेत पस्तीस गुणांना मुलगा कसाबसा पास होतो. तिकडे तीस गुण सातत्याने मिळवणाऱ्याची थोरांत गणना होते! हे ऐकल्यापासून माझे त्या खेळाविषयी मत एकदम अनुकूल झाले. दहातले सात प्रयत्न फुकट जाणार हे ज्या खेळाने आधीच मान्य केले आहे, त्याला माणसाच्या जिण्याची काही कल्पना असली पाहिजे.

हे रकाने मांडण्याची कला मुळात क्रिकेटकडूनच तिकडे गेली. हेन्री चॅडविक नावाचा इंग्लंडात जन्मलेला एक वार्ताहर १८३७ साली लहानपणीच अमेरिकेत गेला आणि पुढे क्रिकेटचे वृत्तान्त लिहू लागला. बेसबॉलचा नाद लागल्यावर त्याने क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्या खेळाचा तक्ता बसवला. तेव्हापासून तिकडे कुणीही खेळला की त्याची ओळ वहीत पडते आणि सहसा पुसली जात नाही.

भाच्याने पहिला पत्ता धरला. “चेंडू टाकणारा. १८९० ते १९११. विजय ५११.” त्याने लगेच सांगूनही टाकले : साय यंग. इतके विजय दुसऱ्या कुणालाही मिळालेले नाहीत. उत्कृष्ट गोलंदाजाला दरवर्षी जे पारितोषिक देतात तेही याच्याच नावाचे. पण माझी नजर शेजारच्या रकान्यावर गेली. पराभव तीनशेहून अधिक! मी म्हटले, “अरे, हेही जास्तच दिसतात.” तो हसून म्हणाला, “मामा, तोही विक्रमच. सगळ्यांत जास्त पराभवसुद्धा याचेच.” माणूस बावीस वर्षे रोज मैदानात उतरायला तयार असला, की दोन्ही रकाने भरणारच. पारितोषिकावर मात्र एकाच रकान्याचे नाव कोरले जाते.

दुसरा पत्ता गमतीचा. सामना १, तोही १९ ऑगस्ट १९५१ रोजी. पाठीवरचा क्रमांक एक-अष्टमांश! फटका एकही नाही, तरी तळ गाठण्याचे प्रमाण शंभर टक्के. हा एडी गॅडेल, उंची साडेतीन फुटांच्या जरा वर. सेंट लुइसच्या संघाचा मालक बिल व्हेक मोठा खटपट्या गृहस्थ. प्रेक्षकांना हसवायला त्याने या ठेंगण्या माणसाला फलंदाज म्हणून धाडले. चेंडू टाकणाऱ्याला त्याच्या छाती-गुडघ्यांमधली वीतभर जागा सापडेना. चार चेंडू वर गेले आणि नियमाप्रमाणे गॅडेल पहिल्या तळावर चालत गेला. तिथे त्याच्या जागी दुसरा धावणारा आला. लगोलग अधिकाऱ्यांनी त्याचा करार रद्द केला. लोक हसले असतील, हसोत. पण वहीने त्याला थट्टेवारी नेले नाही. इतरांना दिली तेवढीच रुंद ओळ तिने त्यालाही दिली.

मला खरा चटका लावला तो तिसऱ्या पत्त्याने. १९३९ ते १९६०, एकच संघ, बोस्टन. १९४१ची सरासरी .४०६. त्या वर्षी शेवटच्या दिवशी त्याची सरासरी चारशेला काठावर टेकलेली होती. न खेळता बसला असता तरी वहीत चारशेच पडले असते. तो दोन्ही सामने खेळला, आठांतले सहा फटके साधले आणि .४०६वर गेला. भाचा हे रंगवून सांगत होता. मी मात्र खालच्या ओळी पाहत होतो. १९४२ नंतर एकदम १९४६. मधली तीन वर्षे नाहीतच. पुढे १९५२मध्ये अवघे सहा सामने, १९५३मध्ये सदतीस. मी विचारले, “हा आजारी होता का रे?” “नाही मामा, युद्धावर होता. एकदा दुसऱ्या महायुद्धात, एकदा कोरियात. विमान चालवायचा.” टेड विल्यम्स! जाणते लोक त्याला त्या आकड्यांवरून ओळखत असतील. मला तो ओळखू आला आकडे नव्हते तिथून.

मास्तरकी करणाऱ्या माणसाला कोऱ्या जागा वाचायची सवय लागते. आमच्या भागातल्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट उघडा. काही नावांसमोर दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या सुमारास, रेघ सुरू होते ती मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत चालते. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. नाव झाकले तरी मी सांगेन : याचे आईबाप ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कोयता, भांडी, शेळी नि पोरे घेऊन बिऱ्हाड निघते. फडातल्या खोपीत पोरगे धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, मोळ्या बांधायला हात लावते. एका मुलाने मला नऊचा पाढा उसाच्या मोळ्या मोजत मोजत पाठ केल्याचे सांगितले होते. हजेरीपटात त्या पाढ्याचे काही नाही. तिथे एवढेच, की मुलगा गैरहजर.

अमेरिकेतल्या त्या फलंदाजाच्या कोऱ्या वर्षांकडे बोट दाखवून लोक अभिमानाने हिशेब करतात : ती वर्षे मिळती, तर त्याचे ५२१ घरधावांचे फटके किती झाले असते! आमच्या पोरांच्या कोऱ्या महिन्यांचा असा हिशेब कुणी मांडत नाही. रीत अशी आहे की रणांगणावरची गैरहजेरी कर्तृत्वात जमा होते आणि फडातली आळसात.

असे एकेक पत्ते निघत गेले. एकाच्या शेवटी फटक्यांची बेरीज होती बरोबर तीन हजार. इतकी गोल बेरीज पाहून मला ती कुणी मुद्दाम जुळवल्यासारखी वाटली. तो रोबेर्तो क्लेमेन्ते, प्वेर्तो रिकोचा, पिट्सबर्गकडून खेळणारा. तीन हजारावा फटका त्याने १९७२च्या सप्टेंबरअखेर मारला. पुढच्या वर्षी आकडा वाढायचा होता. त्या डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. मदतीचे सामान घेऊन तो स्वतः विमानात बसला आणि ३१ डिसेंबरला ते विमान समुद्रात पडले. बेरीज गोल राहिली ती अशी. गोल आकडे नेहमीच पूर्णतेचे नसतात.

आणि काही माणसे अशी की त्यांचा पत्ताच नाही. जॉश गिब्सन हा कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या संघांतून खेळला. गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धांचे दार त्याला बंद होते. त्याच्या घरधावांच्या फटक्यांविषयी आख्यायिका आठशेच्या आसपास बोलते. वहीत दोनशेसुद्धा सापडत नाहीत. कारण कित्येक सामने गावोगावच्या दौऱ्यांतले, मोजणीत न धरलेले, कित्येकांचे कागद हरवलेले. तो १९४७च्या जानेवारीत पस्तिसाव्या वर्षी वारला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला आणि ते दार उघडले. तीन महिन्यांची गाठ चुकली! पुढे २०२० साली त्या वेगळ्या स्पर्धांना मोठ्या स्पर्धांचा दर्जा दिला गेला. संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रे चाळून जमवलेले आकडे २०२४च्या मे महिन्यात मुख्य वहीत चढले. तेव्हा दिसले की कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सन .३७२ घेऊन सर्वांच्या वर आहे. शंभराहून कमी नव्हे इतकी वर्षे जुनी कीर्ती असलेला टाय कॉब.३६७वर, त्याच्या खाली. माणूस जाऊन सत्त्याहत्तर वर्षे झाली होती.

ते ऐकून मी भाच्याला म्हटले, “आता तू ओळख. डावखुरा फिरकी गोलंदाज. कसोटी सामने शून्य. १९११ साली विलायतेच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी. आपल्या संघाचे कर्णधारपद रीतसर कधी नाही. ते मिळाले त्याच्या धाकट्या भावाला, १९२३ साली.” त्याने पुष्कळ डोके खाजवले. ओळखणार कसा? पालवणकर बाळूंचा पत्ता कुठल्या च्युइंगगमच्या पुड्यात निघणार! पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता त्यांनी सरावाला चेंडू टाकले आणि पुढे हिंदूंच्या संघाला त्यांची गरज पडली. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चाले. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यातून मिळे. भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ साली. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यांच्या विठ्ठलाला कर्णधारपद मिळाले हे खरे; पण रकान्यातले ते शून्य कुणी कसे भरून काढावे? भाचा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मामा, हे नाव मला लिहून द्या.” मी दिले.

गठ्ठ्यातल्या साऱ्या माणसांत मला जवळचा वाटतो तो मात्र सर्वांत लहान कारकिर्दीचा. २९ जून १९०५. न्यूयॉर्कच्या संघातून सामना १, फलंदाजीची पाळी ०. आर्चिबाल्ड ग्रॅहम, टोपणनाव मूनलाइट. सामना संपत आल्यावर त्याला क्षेत्ररक्षणाला उभे केले. त्याची फलंदाजीची पाळी यायच्या आत खेळ आटोपला आणि पुन्हा कधी बोलावणे आले नाही. पुढे कितीतरी वर्षांनी डब्ल्यू. पी. किन्सेला या कादंबरीकाराला बेसबॉलच्या जाडजूड कोशात ती ओळ दिसली. हजारो भरगच्च ओळी सोडून तो त्या रिकाम्या ओळीपाशी थांबला आणि १९८२च्या आपल्या कादंबरीत त्याने ग्रॅहमला आणले. तोवर तो माणूस जाऊन सतरा वर्षे लोटली होती. चौकशी करता कळले की खेळ सुटल्यावर तो डॉक्टर झाला. मिनेसोटातल्या चिझम या लोखंडाच्या खाणींच्या गावी राहिला आणि शाळेतल्या मुलांना तपासण्यात त्याने दशकेच्या दशके घालवली. मुलांच्या रक्तदाबाचा त्याने नीट नोंदी ठेवून अभ्यास केला. म्हणजे ज्याच्या नावासमोर शून्य, तो जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे आकडे काळजीने लिहीत बसला होता!

वहीला दोष देण्यात अर्थ नाही. वही नसती तर ग्रॅहमचे शून्यही उरले नसते, आणि शून्य नसते तर कुणी शोधायला निघाले नसते. वहीने फक्त दोरा ठेवायचा. तो धरून आत कुणी जायचे की नाही, हे वाचणाऱ्यावर.

हजेरीपटाला शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना असतो. दोन बोटे रुंद. बहुधा तो रिकामाच जातो. यंदा दिवाळीच्या सुटीनंतर वर्गातली पाचसहा नावे पुन्हा गळतील. बैलगाड्या, ट्रॅक्टर आत्तापासूनच ठरू लागले आहेत. त्यांच्यासमोरच्या रेघेच्या टोकाला मी त्या दोन बोटांत बारीक अक्षराने लिहिणार आहे : ‘आईवडिलांबरोबर ऊसतोडीस. नऊचा पाढा येतो.’ पुढेमागे कुणी नाव झाकून ती ओळ वाचली, तर ओळखायला काहीतरी हाताशी हवे.