टाच

माझी उजवी टाच आजीवर गेली आहे. रुंद, जाड कातडीची, थंडी पडली की उलणारी. आजोळी कोकणात रात्रीची जेवणं आटोपली की आजी पळी निखाऱ्यांवर धरायची, कोकमतेलाचा तुकडा तिच्यात वितळवायची आणि ते कढत तेल थेंबथेंब भेगांमध्ये सोडायची. सकाळी त्याच टाचांवर विहिरीच्या पायऱ्या, कमरेवर भरलेली कळशी. त्या टाचांचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही.

शाळेत, साताऱ्याला, मी अनवाणीच पळायचे. फक्कीच्या रेघा, तापलेली माती, आणि शेवटच्या वळणावर पोरींचा आरडाओरडा. आपल्याला टाच आहे हे तेव्हा ध्यानातही यायचं नाही. पुढे नोकरी, संसार, बाळंतपणं. पळणं उरलं ते एसटी गाठण्यापुरतं.

2012 मध्ये साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून माघारी वळायचं आणि तोच घाट उतरायचा. आमच्या गल्लीतल्या बायका बूट घालून पहाटे बाहेर पडू लागल्या, ही मला त्या शर्यतीची खरी मिळकत वाटते. 2016 मध्ये माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. 3000 मीटरमध्ये 35 अडथळे, त्यातले 7 पाण्याचे. मी टीव्हीसमोर बसून फक्त तिची पावलं बघत होते. त्यानंतर मीही घाटात जाऊ लागले.

यंदा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचं मनावर घेतलं. पूर्ण, 42.195 किलोमीटर. सराव सुरू होतो न होतो तोच उजव्या टाचेमागची जाड शीर धरली. टाचेच्या हाडापासून दोन बोटं वर, चिमटीत पकडली तर कळ येते. सकाळी जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी. तासाभराने चालणं मोकळं होतं. दुखणं किरकोळ आहे, पण रोज हजेरी लावतं.

'विश्रांती घे,' सगळे म्हणाले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मात्र पायरीवर उभं केलं. या शिरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाश सुधारते. आणि नुसती पडून राहिली तर कमजोरच राहते. तिला भार हवा, पण मापात. त्यांनीच हाकन अल्फ्रेडसन या स्वीडिश अस्थितज्ज्ञांची गोष्ट सांगितली. त्यांना स्वतःला हेच दुखणं जडलं होतं. शस्त्रक्रियेला वरिष्ठ तयार होईनात, तेव्हा शीर तुटली तर करावीच लागेल, या हिशेबाने त्यांनी टाचेवर मुद्दाम भार घातला. शीर तुटली नाही, बरी झाली. मग 1998 मध्ये त्यांनी हौशी धावपटूंवर 12 आठवड्यांच्या या व्यायामाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

व्यायाम दिसायला साधा. पायरीच्या कडेला चवडे टेकवायचे, दोन्ही पायांनी उंच व्हायचं, डावा पाय उचलायचा आणि उजवी टाच हळूहळू पायरीच्या खाली जाऊ द्यायची. 15 वेळा, असं तीनदा; आधी गुडघा सरळ, मग वाकवून. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला 180. खाली जाताना शीर ताणते, दुखते. दुखणं सोसण्याइतकं असलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरलं तर चालेल, वाढलं तर भार कमी. त्यामुळे रोज उठल्यावर पहिलं पाऊल टेकताना मी नीट लक्ष देते. इतकं लक्ष मी या पायाकडे आयुष्यात दिलं नव्हतं. आजीच्या टाचांना भार भरपूर होता, माप कुणी ठेवलं नाही. मला ते ठेवायला मिळतंय, याचं मोल मी जाणते.

प्रशिक्षकांनी वेळापत्रक नव्याने लिहून दिलंय. घाट चालत चढायचा, पळायचं सपाटीवर, दोन धावांच्या मध्ये एक दिवस मोकळा. पूर्ण पळायची की अर्धी, हे दिवाळीनंतर ठरेल. मुंबईत पेडर रोडचा चढ शर्यतीच्या उत्तरार्धात येतो, पोटऱ्या थकल्यावर. म्हणून पायरीवर आता पाठीला सॅकही आली आहे. सध्या तिच्यात दोन किलो तांदूळ आहेत, सोमवारपासून तीन.