घरात नेट आहे, पण घराला पत्ता आहे का?

डांगे चौकापासून थेरगावातल्या आतल्या गल्ल्यांपर्यंत बघा, खांबाखांबावर फायबरच्या काळ्या वायरींची वेटोळी लटकलेली दिसतात. शंभर एमबीपीएस, दोनशे एमबीपीएस, वर ओटीटी फुकट. पण या वायरीतून आपल्याला फक्त घेता येतं, स्वतःचं काही बाहेर देता येईलच असं नाही, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

मला हे कळलं घरच्या छोट्या सर्व्हरमुळे. तळहाताएवढा रास्पबेरी पाय आणि एक हार्ड डिस्क. त्यात घरातले फोटो, कागदपत्रं आणि दाराबाहेरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. स्वतःच्या घरच्या गोष्टींसाठी कुठल्या कंपनीच्या क्लाउडला दरमहा भाडं का भरायचं, एवढाच विचार.

असं यंत्र अडलं की तपासायचा एक क्रम असतो. अनेकांच्या घरी आता अशी यंत्रं आहेत, म्हणून सांगतो.

आधी वीज. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चार्जर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर लावला की व्होल्टेज पडतं. ते साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की कर्नल स्वतःच 'अंडर-व्होल्टेज' अशी नोंद करतो. लोक सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा टाकत बसतात आणि दोष निघतो चार्जरमध्ये.

मग मेमरी कार्ड. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते, एरवीही अधूनमधून जातेच. लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्डावरची फाइल-व्यवस्था बिघडू शकते. कर्नलला ते दिसलं की तो कार्ड 'रीड-ओन्ली' करतो, म्हणजे वाचा पण लिहू नका. वरवर यंत्र चालू दिसतं, पण नवीन काही साठत नाही. छोटा यूपीएस घेणं हाच इलाज. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळही नाही. लाईट आल्यावर नेट जोडलं जाईपर्यंत त्याची वेळ मागेच राहते, त्यामुळे लॉगमधल्या वेळा वाचताना फसू नका.

शेवटी नेटवर्क. आधी राउटरला पिंग करा, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या साइटच्या नावाला. पहिलं अडलं तर दोष घरात. दुसरं अडलं तर बहुतेक बाहेरच्या लाइनमध्ये. फक्त तिसरं अडलं तर डीएनएसमध्ये.

माझ्याकडे तिन्ही पास! घरात सगळं उघडत होतं. पण मोबाइल डेटावरून घरचा सर्व्हर उघडायला गेलं की काहीच नाही. राउटरवर पोर्ट उघडलेलं होतं. कस्टमर केअरचं एकच उत्तर, "सर, राउटर रिस्टार्ट करा."

खरं कारण राउटरच्याच पानावर लिहिलेलं होतं. त्याचा बाहेरचा आयपी पत्ता १०० ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातले पत्ते जगाला दिसणारे नसतात. २०१२ मध्ये हा पट्टा खास कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी बाजूला काढला गेला. अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता द्यायचा, याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. तुम्ही मागवलेलं पार्सल तो आत सोडतो. पण कुणी आपणहून तुमच्याकडे आलं तर त्याच्याकडे फ्लॅट नंबरच नाही, तो गेटवरूनच परत पाठवतो.

कंपन्यांची अडचण खोटी नाही. जुन्या आयपीव्ही४ मध्ये पत्तेच मुळात सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. पण उपायही जुनाच आहे, आयपीव्ही६. त्यात प्रत्येक घरालाच काय, घरातल्या प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता मिळतो. दूरसंचार विभागाने २०२१ मध्येच सांगितलं होतं की ३१ डिसेंबर २०२२ नंतरच्या नव्या घरगुती वायर-जोडण्या आयपीव्ही६ चालवू शकणाऱ्या हव्यात. मग कनेक्शन घेताना आपण ते विचारतो का? आणि स्थिर आयपीव्ही४ पत्त्यासाठी वेगळे पैसे मागतात, तेव्हा आयपीव्ही६ चा पर्याय आपल्याला का सांगत नाहीत?

आणखी एक गंमत. सरकारच्या ब्रॉडबँडच्या व्याख्येत किमान वेग २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस होता, जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाला. पण तो वेग डाउनलोडचा. अपलोडचा किमान आकडा नाहीच. म्हणजे व्याख्येतच आपण फक्त गिऱ्हाईक. हिंजवडीचं ऑफिस घरून चालवणारे, क्लासचे व्हिडिओ टाकणारे शिक्षक, चाकणच्या कारखान्यांना ड्रॉइंग पाठवणारे छोटे वर्कशॉपवाले, या सगळ्यांना देणंही लागतं.

सध्यापुरता मार्ग आहे. वायरगार्ड मार्च २०२० पासून लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीतच आलं आहे. बाहेर एखादा भाड्याचा छोटा सर्व्हर घेऊन त्यातून घरापर्यंत बोगदा काढता येतो. पण म्हणजे पुन्हा भाडंच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. स्वतःचा पत्ता मिळाला की दारही स्वतःच सांभाळायचं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचेच पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभर ताब्यात घेतले होते. राउटरची फायरवॉल चालू ठेवा, पासवर्ड बदला.

नवीन कनेक्शन घेताना किंवा सोसायटीत एकत्र करार करताना तीन प्रश्न लेखी विचारा: आयपीव्ही६ मिळेल का? पत्ता सार्वजनिक की सीजीनॅटमागचा? अपलोडचा वेग किती? शेजारीपाजारी चार जण विचारू लागले तर कस्टमर केअरला "रिस्टार्ट करा" च्या पुढचं उत्तर द्यावंच लागेल. थेरगाव-वाकड भागात कुणाला आयपीव्ही६ नीट मिळत असेल तर खाली लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.