तिघांचा दणका

लंडनहून आलेले तिघे १९६७च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत शिरले आणि व्हिसाची मुदत संपायच्या आत, जेमतेम काही दिवसांत, ‘डिझरायली गिअर्स’ ध्वनिमुद्रित करून परतले. गिटारवर एरिक क्लॅप्टन, बासवर जॅक ब्रूस, ड्रम्सवर जिंजर बेकर. बँडचं नाव क्रीम.

क्लॅप्टन ब्लूजचा कट्टर भक्त. ‘स्ट्रेंज ब्रू’मधल्या गिटारवर आल्बर्ट किंगची छाप इतकी उघड आहे, की तिला उसनवारी म्हणणंच प्रामाणिक ठरेल. ‘आउटसाइड वुमन ब्लूज’ तर मुळात ब्लाइंड जो रेनॉल्ड्सचं, १९२९मध्ये गायलेलं.

‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ची धून ब्रूसला सुचली ती जिमी हेन्ड्रिक्सला ऐकून आल्यावर. इथे बेकर घाई म्हणून करत नाही. टॉम-टॉमवर सावकाश, जड ठेका धरून बसतो, आणि गाण्याचा निम्मा दरारा तिथूनच येतो. (हा ठेका नेमका सुचला कुणाला, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. ब्रूस-बेकर यांचं तर आधीपासूनच हाडवैर!)

शेवटचं ‘मदर्स लमेंट’ वगळलं असतं तरी चाललं असतं.

मार्टिन शार्पच्या भडक मुखपृष्ठासह तबकडी नोव्हेंबरात बाजारात आली. पुढच्या नोव्हेंबरात रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये बँडचा निरोपाचा कार्यक्रमही झाला.