चढ बघून सायकल घ्या

हरिहरेश्वर

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कोकणचा किनारा मित्रांबरोबर सावकाश, सायकलीवरून बघायचा तुमचा बेत पक्का झाला, गाडी इलेक्ट्रिक हवी आणि चाळीस हजारांच्या आत बसायला हवी हेही ठरलं. आता राहिलं कोणती घ्यायची एवढंच. दुकानात या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून मिळतो: एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर. या रस्त्यासाठी मला तो आकडा सगळ्यांत कमी कामाचा वाटतो. इथली अंतरं बेताची आहेत. हरिहरेश्वरहून बागमांडल्याची जेटी, फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेशवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. हिंडायला निघालेल्या माणसाने दिवसाला चाळीस किलोमीटर केले तरी पुष्कळ झाले. कस लागतो तो चढावर. रस्ता खाडीकाठी समुद्रसपाटीला असतो, तिथून जांभ्याच्या सड्यावर चढतो, सड्यावर थोडा वेळ सरळ जातो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा मुळापर्यंत उतरतो. प्रत्येक खाडी म्हणजे एक उतार आणि एक चढ. म्हणून गाडी चढावर पारखून घ्यावी, आणि तशी पारखली तर स्वस्तातली गाडी पुरते, असं माझं मत आहे. तुम्हाला नुसतं मत पटणार नाही, म्हणून हिशेबच मांडते.

तुम्ही ७० किलो, गाडी २५, सामान १०, असे १०५ किलो धरू. शंभर मीटरला दहा मीटर उठणारा चढ ताशी ६ किलोमीटरने चढायचा तर सुमारे १९० वॅट ताकद लागते. तुमच्या वयाचा, रोज चालणारा पण सायकलीचा सराव नसलेला माणूस पंधरा-वीस मिनिटं सलग ८० ते ९० वॅट देऊ शकतो. म्हणजे कमी पडतात ते शंभरेक वॅट. कायद्यात बसणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रिक सायकलीची मोटार २५० वॅटच्या आतलीच असते, स्वस्तातली असो की महागातली. शंभर वॅटची तूट भरायला ती पुरेशी आहे. दीडशे मीटर उंचीचा असा चढ पंधरा मिनिटांत संपतो. तेवढ्यात मोटारीने चाकाला दिलेलं काम २५ वॅट-तास होतं. हळू चालताना मोटारीची निम्मी वीज उष्णतेत जाते असं धरलं, तरी बॅटरीतून जातात ५० वॅट-तास. दिवसात असे चार चढ आले तर २००. उरलेला सपाट रस्ता ताशी पंधराच्या चालीने, सगळ्यांत कमी मदतीवर काढला तर किलोमीटरला चार-पाच वॅट-तासांत भागतं.

‘मग साधी सायकलच का नको?’ असं तुमचे मित्र म्हणतील, आणि तो आक्षेप खरोखर विचारात घेण्यासारखा आहे. साधी सायकल हलकी असते, बिघडत नाही, चार्जर लागत नाही. पण वरचाच हिशेब बघा. मोटार काढली तर गाडी दहा किलोने हलकी होईल, तरी त्या चढाला १७० वॅट लागतील. ८५ वॅटमध्ये चढायचं तर वेग ताशी ३ किलोमीटरवर येतो, आणि त्या वेगाला सायकलीचा तोल राहत नाही. उतरून ढकलावं लागतं, तेही दमट उन्हात, दिवसातून चार वेळा. तरुणपणी सराव केलेल्यांचं वेगळं. तुमच्या गुडघ्यांचा विचार करता ती तूट मोटारीने भरून काढणंच मला शहाणपणाचं वाटतं.


दाभोळ

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

मागच्या पत्रातल्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली होती: ताशी ६ किलोमीटरला तुमचे पाय नीट फिरत राहतील. स्वस्तातल्या गाड्या नेमक्या इथे मार खातात. बऱ्याच गाड्यांना गिअरच नसतात, किंवा मागे सात चकत्या असतात आणि त्यांतली मोठ्यात मोठी २८ दात्यांची. पुढची चकती ४२ दात्यांची असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात गाडी तीन मीटरहून जास्त पुढे जाते. ताशी ६ म्हणजे मिनिटाला शंभर मीटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम तीसेक फेरे. एवढ्या संथ फेऱ्यांत सगळा भार गुडघ्यावर येतो. पुढे २८ दात्यांची लहान चकतीही असेल तर फेरे पन्नासच्या जवळ जातात आणि तोच चढ बसल्या बसल्या निघतो. बिनगिअरच्या गाडीवर ते विसाच्या आसपास येतात, म्हणजे पाय अडतो. तेव्हा दुकानात मोटारीआधी चकत्यांचे दाते मोजा. पुढे तीन चकत्या असलेली गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर मागची चकती ३४ दात्यांची बसवून मिळेल का ते विचारा. फार खर्चाचं काम नाही आणि कोणताही बरा सायकलवाला करून देतो.

मोटार कुठे बसवली आहे, हा पुढचा प्रश्न. स्वस्त गाड्यांत ती मागच्या चाकाच्या हबमध्ये असते, महाग गाड्यांत पेडलच्या आसापाशी. आसापाशी असलेली मोटार चेनमधून काम करते, त्यामुळे गिअरचा फायदा तिलाही होतो. खड्या चढावर ती सरस आहे हे निर्विवाद, आणि ‘एकदाच चांगली वस्तू घ्यावी’ हा तुमचा नेहमीचा आग्रह मला इथे ऐकू येतोय. पण तशी गाडी लाखाच्या पुढे जाते. अशी मोटार चेन आणि चकत्या लवकर झिजवते. शिवाय मोटार, डिस्प्ले, बॅटरी, सगळं एकाच कंपनीचं, एकमेकांशी बांधलेलं. एक भाग रुसला की बाकीचे मुकाट बसतात आणि उघडायला त्याच कंपनीचा माणूस लागतो. गुहागर-दापोलीच्या बाजारात सायकलवाला मिळेल, तो तार बदलेल, आरा ओढेल, पण ती मोटार तो उघडणार नाही. फिरण्याच्या गाडीची किंमत ती बंद पडल्यावर किती मैल ढकलावी लागेल यावरही मोजायला हवी. हबमधली मोटार बंद पडली तरी चेन, गिअर, पेडल शाबूत राहतात. फक्त ती आत गिअर असलेली, दिसायला लहान डब्याएवढी मोटार आहे ना, हे बघा. मोठ्या ताटासारखी, थेट फिरणारी हब मोटार बंद असताना चाकाला ओढून धरते. परीक्षा सोपी आहे: दुकानासमोर मोटार बंद ठेवून गाडी पाच मिनिटं चालवा. जड सायकलीसारखी वाटली तर चालेल, कोणी मागून धरल्यासारखी वाटली तर सोडून द्या.

हबच्या मोटारीचा खरा तोटा पंक्चरच्या वेळी कळतो. आसातून एक केबल बाहेर येते. ती वीतभर पुढे जोडाने सुटते का, की थेट फ्रेममध्ये शिरते, ते वाकून बघा. जोड असेल तर केबल सोडवून, १८ चा पाना लावून मागचं चाक निघतं. जोड नसेल तर टायरची एक कड उतरवून, ट्यूब तेवढ्यापुरती बाहेर ओढून जागच्या जागी ठिगळ लावावं लागतं. तेही जमतं, पण ट्यूब बदलता येत नाही. या चाकाचे आरे नेहमीच्या मापापेक्षा आखूड असतात, तेव्हा गाडी घेतानाच चार-सहा जास्तीचे मागून घ्या.

ब्रेकवर मात्र पैसे वाचवू नका. जेवढं चढलो तेवढंच उतरायचं असतं, आणि दीडशे मीटरच्या उताराची सगळी उष्णता ब्रेकच्या दोन पातळ चकत्यांत जाते. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेत. तारेचे असले तरी चालतील, उलट वाटेत दुरुस्तीला तेच बरे. ब्रेकची मूठ दाबताच मोटार बंद व्हायला हवी. स्वस्त गाड्यांत पेडलमागे चुंबकांची एक बारीक चकती असते. पेडल फिरतंय एवढंच तिला समजतं, तुम्ही किती जोर लावताय ते समजत नाही. त्यामुळे मोटार अर्धा फेरा उशिरा जागी होते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. जेटीच्या ओल्या उतारावर तो क्षण धोक्याचा आहे. ब्रेकच्या मुठीतला मोटार बंद करणारा स्विच काम करतो की नाही, हे मागचं चाक उचलून धरून तपासता येतं.


गणपतीपुळे

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

बॅटरीचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला. दुकानदार किलोमीटर सांगेल; तुम्ही व्होल्ट आणि अँपिअर-तास विचारा आणि गुणाकार करा. ३६ व्होल्ट आणि ७.६५ अँपिअर-तास म्हणजे २७५ वॅट-तास. १० अँपिअर-तास असेल तर ३६०. चार चढांचे २०० आणि पस्तीस किलोमीटर सपाटीचे दीडशेच्या आसपास धरले, तर दुसरी बॅटरी काठोकाठ पुरते आणि पहिली संध्याकाळच्या आत संपते. म्हणून मोठी बॅटरी घ्या, असं मी म्हणणार नाही. काढता येणारी घ्या, हे मात्र आग्रहाने म्हणेन. चार्जर सोबत असला की दुपारचं जेवण आणि वामकुक्षी मिळून दोन तासांत दीडशेक वॅट-तास परत मिळतात. साधा तीन पिनांचा प्लग लागतो, पूर्ण चार्जिंगला अर्धं युनिटही जात नाही, आणि घरगुती खानावळीत विचारलं तर त्याचे पाच-दहा रुपये देऊन टाकता येतात. गाडी अंगणात आणि बॅटरी घरात, हे फक्त काढता येणाऱ्या बॅटरीनेच साधतं. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका; थोडा वेळ सावलीत निवू द्या. खाऱ्या हवेत तिच्या पितळी टोकांवर हिरवट थर धरतो, तेव्हा ती कोरड्या फडक्याने पुसत जा.

वीज गेली तर काय, ही आईची काळजीही रास्त आहे. कोकणात एका वादळी संध्याकाळनंतर रात्रभर दिवे नसणं नवलाचं नाही. त्यावर उपाय दोन: पावसाळा टाळणं आणि लहान चकती. बॅटरी संपली आणि पाय थोडे जास्त राबले, तरी खालच्या गिअरवर मुक्कामाचं गाव गाठता येतं. फार खडा चढ असेल तेवढाच ढकलावा लागेल.

राहिला दिनूकाकांचा मुद्दा, की एवढ्या पैशांत जुनी स्कूटर येईल. येईल, आणि कुठे लवकर पोचायचं असेल तर तीच घ्यावी. पण तुम्हाला पोचायची घाई नाही. शिवाय इलेक्ट्रिक सायकलीच्या मोटारीची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ पेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ती सायकल मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नको, लायसन्स नको. मात्र मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयची, मंजुरी आहे का ते दुकानदाराला विचारा. वेगाची मर्यादा काढून देतो असं कोणी म्हणालं तर साफ नकार द्या. कायदा मोडतो, बॅटरी झपाट्याने संपते आणि ब्रेक त्या वेगासाठी केलेले नसतात.

तर माझ्या मते पैसे असे वाटावेत: पस्तीस हजारांच्या आत हब मोटारीची, गिअरची, दोन डिस्क ब्रेकची, काढता येणाऱ्या बॅटरीची गाडी; उरलेल्या पाचांत मागची मोठी चकती, जाड टायर, मडगार्ड, घट्ट कॅरिअर, जास्तीचे आरे आणि ब्रेकपॅडचे दोन जोड. रंगीत डिस्प्लेला आणि मोबाइल ॲपला एक रुपयाही जास्त देऊ नका. घ्यायच्या आधी गाडी एकदा स्वतः उचलून बघा. मोठ्या फेरीबोटीत ती चालवत चढवता येते, पण लहान होडीत आणि लॉजच्या जिन्यावर ती उचलावीच लागते, आणि पंचवीस किलो दोघांना मिळून झेपतात, एकट्याला जड जातात. काकांना सोबत घेऊनच दुकानात जा.

आईला नमस्कार.

तुमची लेक