शोलावरमचा पेंढा

आमच्या लहानपणी नाहूरला स्टेशन नव्हतं. भांडुपला नाही तर मुलुंडला उतरायचं आणि रुळांच्या कडेकडेनं चालत यायचं. पूर्वेला भातखाचरं, त्यापुढं मिठागरं, मग खाडी. भात झोडून झालं की अंगणात पेंढ्याची उडवी रचली जाई आणि आम्ही पोरं तिच्यावरून घसरगुंडी खेळून आज्याच्या शिव्या खात असू. मद्रासकडं जाणाऱ्या मेल-एक्सप्रेस घरामागूनच धडधडत जात, पण थांबत नसत. त्यांत बसायचं तर दादर गाठावं लागे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं तीन वेळा आम्ही त्या गाडीत बसलो आणि तिन्ही वेळा स्वतःचं घर खिडकीतून पळताना बघितलं.

बाप भांडुपच्या सिएटच्या कारखान्यात टायर बनवायचा. त्याच्या कपड्यांना रबराचा वास असे. घरात एकही गाडी नव्हती, पण टायरच्या नक्षीवरून तो कुठल्या गाडीचा ते आम्हांला ओळखता येई. गावच्या पूर्वेकडून द्रुतगती महामार्ग जातो. संध्याकाळी आम्ही त्याच्या कडेला बसून आवाजावरून फटफटी ओळखायचो. बुलेट लांबूनच कळे. येझदीला दोन सायलेन्सर. राजदूतचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे. या खेळात माझ्या काकाचा मुलगा कधी हरला नाही. घरात सगळ्यांत धाकटा, म्हणून त्याला बारक्या म्हणत, आणि साठीला आला तरी अजून तेच म्हणतात.

शोलावरमचं नाव आधी मासिकात वाचलं. मद्रासच्या उत्तरेला, रेड हिल्सच्या पुढं, दुसऱ्या महायुद्धातली एक सोडून दिलेली विमानाची धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब त्या पट्टीवर दर फेब्रुवारीत शर्यती भरवायचा. क्लब १९५३ चा. मोटारीही धावत. विजय मल्ल्या यांनी तिथं फॉर्म्युला वनची एन्साइन गाडी आणून पळवली, त्याची चर्चा तर मुलुंडच्या गॅरेजांतही होती. पण आम्हांला चार चाकांचं काही पडलं नव्हतं.

१९८५ साली पहिल्यांदा गेलो. आज्यानं विचारलं, "फटफट्यांचा आवाज आयकाला येवड्या लांब जातंस? हायवे काय वाईट हाय?" त्याला काय सांगणार? कर्जत, पुणे, सोलापूर, गुंटकल, रेणिगुंटा. जवळजवळ दीड दिवस. डब्यात भाकऱ्या आणि सुकट. सुकटीच्या वासानं शेजारचे आमच्यापासून अंतर ठेवून बसले, त्यामुळं पाय पसरायला जागा मिळाली.

धावपट्टी इंग्रजी टी अक्षरासारखी. काँक्रीटचे जुने तुकडे, मधे सांधे. गाडी त्या सांध्यांवरून जाताना खडखडखड असा आवाज येई आणि वेग वाढला की तो आवाज एक सलग होऊन जाई. सावली म्हणून काही नाही. पण पहिली शर्यत सुटली आणि पंधरा-वीस दोन-स्ट्रोक गाड्या एकदम किंचाळल्या, तेव्हा कानांपेक्षा छातीत काहीतरी झालं. अजून आठवतो तो धूर. शर्यतवाले काही जण एरंडेलाचं ऑइल वापरायचे. आमची आजी ज्या एरंडेलानं पोट साफ करायची, त्याचाच जळका, गोडसर वास. बारक्या डोळे मिटून तो ओढत होता. तंबाखू खाणाऱ्याला पहिली चिमूट लागावी तसं त्याचं तोंड झालं होतं.

आणि पेंढा. सरळ पट्टी संपते तिथं, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, पेंढ्याचे भारे रचलेले. शंभर-सव्वाशेच्या वेगानं आलेला माणूस ब्रेक चुकला की तोंडावर त्या भाऱ्यांत जायचा, दोन मिनिटांनी उठून कपडे झटकायचा. आम्ही भातवाले. पेंढा गुरांना घालायचा, छपरावर घालायचा, आंबे पिकायला घालायचा. माणूस वाचवायला घालतात हे तिथं कळलं. घरी येऊन आज्याला सांगितलं, तर त्याचा आधी प्रश्न, "शर्यत झाल्यावर त्याचं काय करतात?"

दुसऱ्या वर्षी यामाहा आरएक्स शंभर दिसली. आदल्या वर्षाच्या शेवटीच ती बाजारात आली होती. शंभर सीसीची ती काडीसारखी गाडी दुप्पट-तिप्पट इंजिनांच्या गाड्यांच्या मागं लागायची. बारक्यानं वर्षभर एका कंपनीत रात्रपाळी केली, काकीनं पाटली मोडली, आणि आरएक्स घरी आली. मग ती कधी अख्खी दिसलीच नाही. आज हेड घासून आणलंय, उद्या पोर्ट मोठं केलंय, परवा जेट बदललाय. ठाण्याचा एक मिस्त्री त्याचा गुरू. काकीच्या पाटल्यांचं पुढं काय झालं ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

१९८८ ला बारक्या स्वतः उतरला, नवशिक्यांच्या गटात. गाडी रेल्वेच्या ब्रेकच्या डब्यातून न्यायची तर टाकी रिकामी करून, पेंढा लावून, वरून गोणपाट शिवावं लागतं. पेंढा आमच्याच उडवीतला. आज्यानं स्वतः बसून हँडलला, टाकीला, दिव्याला एकेक मूठ गुंडाळली, गाभण म्हशीला झूल घालावी तशा मायेनं. म्हणाला काही नाही. सुतळी ओढताना फक्त, "हिथं घट कर, घासंल."

शर्यतीत तिसऱ्या फेरीला तो वळणावर गेला. मी भाऱ्यांपासून चाळीस-पन्नास पावलांवर. मागचं चाक सुटलेलं दिसलं, मग गाडी एकीकडं, बारक्या एकीकडं, आणि पेंढ्याचा ढग. आजूबाजूचे तमिळ लोक उभे राहिले. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. ढग बसला तेव्हा हेल्मेटात पेंढा भरलेला एक माणूस गाडी उचलत होता. त्यानं ती ढकलत सुरू केली आणि शर्यत पूर्ण केली, शेवटून दुसरा. रात्री मद्रास सेंट्रलच्या फलाटावर आम्ही इडल्या खाल्ल्या आणि तो आयल ऑफ मॅनबद्दल बोलत राहिला. ब्रिटनजवळचं ते बेट, १९०७ पासून तिथं शर्यत. साठ किलोमीटरची फेरी, गावातल्या रस्त्यांवरून, दगडी भिंतींच्या मधून. "तिथं भिंतीला पेंढा लावतात का रे?" मी विचारलं. म्हणाला, "सगलीकडं कुठनं पुरंल?"

पुढची गोष्ट मला पटकन सांगायची आहे. १९९० च्या सुमारास शोलावरमच्या शर्यती बंद पडल्या. क्लबनं श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक बांधला. पण तोवर बारक्याकडं टायरला पैसे उरले नव्हते. एकदा उतरायचं म्हणजे लायसन्स, कातडी सूट, दोन जोड टायर, रेल्वेचं भाडं. गिरणगावातल्या संपानंतर आमच्याकडच्या कारखान्यांतही कुणाची नोकरी पक्की राहिली नव्हती. महामार्ग मात्र फुकट. रात्री बारानंतर मुलुंडच्या जकात नाक्यापासून विक्रोळीपर्यंत पोरं पैजेनं गाड्या पळवत. त्याला लोक रेस म्हणतात. मी म्हणत नाही. शर्यतीला झेंडा असतो, वळणावर उभा असलेला माणूस असतो, समोरून कुणी येणार नाही याची खात्री असते. महामार्गावर यातलं काय होतं? त्या रात्री कडेला एक ट्रेलर उभा होता, मागचा दिवा नाही, फांदी नाही, दगडसुद्धा नाही.

चार महिने इस्पितळात. उजवा गुडघा त्यानंतर वाकला नाही. पाय दीड इंच आखूड. आज्या रोज बसनं भेटायला जायचा, खाटेजवळ बसायचा आणि सुरुवातीचे कित्येक दिवस बोलायचाच नाही. एकदा बारक्याच्या प्लॅस्टरवरून हात फिरवत म्हणाला, "तिकडं त्यांनी पेंढा तरी घातला व्हता." त्याच वर्षाअखेर आज्या गेला. खाचरं नंतर राहिली नाहीत. आता तिथं टॉवर आहेत, त्यांची नावं इटलीतल्या गावांची आहेत आणि पार्किंगमध्ये दोन-अडीच लाखांच्या फटफट्या कव्हर घालून उभ्या असतात.

बारक्यानं गॅरेज टाकलं. लोक आरएक्स शंभर घेऊन लांबून येतात. गाडी १९९६ ला बंद झाली, तरी तिचं वेड गेलं नाही. पोर्ट घासून द्या म्हणणाऱ्या पोराला तो आधी विचारतो, कुठं चालवणार? उत्तर पटलं नाही तर गाडीला हात लावत नाही. त्यात त्याचं गिऱ्हाईक जातं. बायको बोलते, पण तो ऐकत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात मोटोजीपी पहिल्यांदा भारतात आली, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. माझ्या मुलीनं दोघांची तिकिटं काढली. बारक्याला पाय सरळ ठेवावा लागतो म्हणून कडेची खुर्ची. ऊन असं की शर्यतीच्या फेऱ्या चोवीसवरून एकवीस केल्या. गाड्या हजार सीसीच्या, तीनशेच्या वर वेग, पण चार-स्ट्रोक. एरंडेलाचा वास नाही. तेवढं सोडलं तर बारक्या पंचवीस वर्षांचा झाला होता. गाडी कुठं ब्रेक दाबते, कुठं सोडते, तो बोटांनी माझ्या मांडीवर दाखवत होता. पेंढा आता नसतो. वळणाबाहेर खडीचं मैदान आणि हवा भरलेल्या उशा.

मार्को बेझेक्की पुढं निघून गेला होता. दुसऱ्या नंबरवर विश्वविजेता बान्याया. एकाएकी लोक ओरडले. मोठ्या पडद्यावर त्याची गाडी आडवी पडून घसरत होती, तो मागं. बारक्या खुर्चीचा दांडा धरून उभा राहिला. पुढच्या रांगेतले लोकही उठल्यामुळं त्याला पडदा दिसेना.

"उठला का?"

"थांब."

"उठला का रं?"

"उठला. चालतोय."

बारक्या हळूहळू बसला, पाय वाटेत पसरला आणि पाण्याची बाटली मागितली.