गुजराती गल्लीतील एक दुपार

हैदराबादेत आमचे आयुष्य गेले. तरीही गुजराती गल्ली आम्ही परवापरवापर्यंत दुरूनच पाहिली होती. कोठीला आम्ही जात असू ते पदपथावरील जुन्या पुस्तकांसाठी. ढीग उपसावेत, एखादे दुर्मीळ पुस्तक हाती लागले की दिवस सार्थकी लागला असे मानून घरची वाट धरावी, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. तारा, स्पीकर आणि रिमोट यांनी गजबजलेल्या त्या गल्लीशी मराठीच्या मास्तराचे काय काम? काम निघाले ते एका खेळण्यामुळे.

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने विज्ञानकक्षाला रिमोटवर उडणारे वीतभर लांबीचे हेलिकॉप्टर भेट दिले होते. प्रदर्शनाच्या दिवशी ते उडविण्याचे काम आठवीतील एका मुलाकडे होते. दुपारपर्यंत ते छताला भिडत होते. संध्याकाळी मात्र जमिनीवरून उठेना, उठलेच तर स्वतःभोवती गरगर फिरे. मुलाने ते आपटले असणार, असा आम्ही तर्क केला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमक्ष त्याला बेजबाबदार ठरविले आणि विज्ञानकक्षाची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली. "सर, मी पाडलं नाही," एवढेच तो एकदा म्हणाला. आम्ही ते ऐकले, पण मनावर घेतले नाही.

दुरुस्तीसाठी निघालो तेव्हा मात्र त्यालाच बरोबर घ्यावे लागले. कारण त्या यंत्राच्या खोडी त्याच्यावाचून कोणाला ठाऊक होत्या? घरी कळवून एका शनिवारी दुपारी आम्ही दोघे मेट्रोच्या सुलतान बाजार स्थानकावर उतरलो. वाटेत तो आमच्याशी चकार शब्द बोलला नाही. मास्तरकीच्या सवयीने आम्हीच बोलत राहिलो. कोठी हे नाव ब्रिटिश रेसिडेंटच्या हवेलीवरून पडले; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स किर्कपॅट्रिकने ती बांधविली; तिच्या पायऱ्यांशी दोन दगडी सिंह आहेत; पुढे तेथे मुलींचे महाविद्यालय भरू लागले. याच परिसरात १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी हे आपल्या मराठी मंडळींचे जुने विद्यापीठच म्हणावे. मुलाने सर्व ऐकून घेतले. हुंकार मात्र दिला नाही.

गल्लीत शिरताच आमचे व्याख्यान आपोआप थांबले. दोन्ही बाजूंना खोक्यांएवढी दुकाने, वर लोंबणारी तारांची वेटोळी, तापलेल्या राळेचा वास, आणि तेलुगू, दख्खनी, हिंदी, गुजराती यांचा एकच कल्लोळ. तीन ठिकाणी "नया ले लो" हाच उपदेश मिळाला. चौथ्या ठिकाणी एका वयस्क कारागिराने यंत्र हाती घेतले.

प्रथम त्याने बोटाने पाती फिरवून पाहिली. मग स्क्रू काढून वरचे कवच उतरविले. आत एकावर एक अशी पात्यांची दोन चक्रे परस्परविरुद्ध दिशांना फिरतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र मोटर असते. दोहोंचा जोर सारखा असेल तरच यंत्र स्थिर राहते. एकीने दम टाकला की सारे अंग गरगरू लागते. त्याने दोन्ही मोटरींच्या तारा सोडवून त्या आळीपाळीने बॅटरीला लावल्या. एक गुणगुणू लागली. दुसरी थरथरली, थांबली, बोटाने ढकलल्यावर कशीबशी फिरली. तिचे मागचे झाकण उचकटताच काळी भुकटी सांडली. आतील गुंडाळीला वीज पोचविणारे सूक्ष्म ब्रश झिजून नाहीसे झाले होते.

आम्ही विचारले, "आपटल्यामुळे असे झाले का?"

"मास्टरसाब, गिरता तो डंडी टेढी होती, दांता टूटता. सब सही है. मोटर घिस गई, बस. बच्चे को कुछ नक्को बोलो." मग त्याने विचारले, "लगातार चलाए क्या?"

आम्ही मुलाकडे पाहिले. तो खाली पाहत होता. प्रत्येक पाहुणा आला की "पुन्हा एकदा उडवून दाखव" अशी आज्ञा दिवसभर कोण देत होते, हे आम्हा दोघांनाच माहीत होते. बॅटरी भरायची आणि लगेच उडवायचे. मोटरीला निवायला क्षणाचीही उसंत आम्ही दिली नव्हती. अशा इवल्या मोटरींचे आयुष्य मुळातच थोडे, त्यात उष्णता तिची वैरीण.

एक झिजली तर दुसरीही तेवढीच चाललेली, म्हणून त्याच्या सल्ल्याने आम्ही जोडी घेतली. दोन्ही दिसायला सारख्या, पण एकमेकींच्या जागी चालत नाहीत. म्हणून तारांचे रंग आणि दांडीची लांबी जुनीशी ताडून घ्यावी लागते. दांडीवरचे दातेरी चाक मोठ्या चाकात नेमके बसावे. सोल्डर करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी आणि तापलेली इस्त्री तारेवर क्षणभरच टेकवावी. हे सर्व तो आमच्याशी नव्हे, मुलाशी बोलत होता. मुलगा प्रथमच प्रश्न विचारू लागला.

परतताना मेट्रोत आम्ही म्हणालो, "बाळ, चूक आमची झाली." तो म्हणाला, "असू दे, सर." पण जे सर्वांसमक्ष बोललो ते डब्यातल्या डब्यात कसे फिटणार? सोमवारी प्रार्थनेनंतर आम्ही घडलेले सर्व सांगितले, आपली आज्ञाही सांगितली, आणि किल्ली त्याच्या हाती परत दिली. तीस वर्षांच्या नोकरीत एवढे जड भाषण आम्ही दुसरे केले नाही.

शास्त्राच्या बाईंच्या देखरेखीखाली त्यानेच मोटरी बसविल्या. काही मिनिटे मंद गतीने फिरवून मगच उड्डाण केले. हेलिकॉप्टर पंख्याच्या उंचीपर्यंत गेले, स्थिर राहिले, अलगद उतरले. "आणखी एकदा," असे आमच्या ओठांवर आले होते.

"दहा मिनिटं थांबावं लागेल, सर," तो म्हणाला.

आम्ही खुर्ची ओढून बसलो आणि थांबलो.